वडपेठेच्या फोटोतला डाग

वडपेठेत सरूबाईची खानावळ आहे. आत शिरलात की समोरच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, एक मोठा फोटो टांगलेला दिसतो. खानावळीचं दार सताड उघडं आहे. दारात सरूबाई उभी आहे. ओट्यावर एक ट्रक ड्रायव्हर, त्याचा क्लीनर आणि काही सुतार जेवायला बसले आहेत, एकाचा गाल घासाने फुगलेला आहे. फोटो इतका स्वच्छ, की पितळीतल्या पिठल्यावरची मिरचीसुद्धा ओळखू यावी. फक्त डाव्या कोपऱ्यात, वडाच्या पारंबीजवळ, एक पांढुरका डाग आहे. धुरासारखा. नवं गिऱ्हाईक विचारतं, "काच खराब झाली होती का हो?" आणि सरूबाई गेली कित्येक वर्षं त्याच उत्साहाने सांगते, "न्हाई वो. त्ये आमचे वखारवाले शेट हायेत. रागावल्यात."

तो डाग म्हणजे मी.

हा फोटो ज्यांनी काढला त्या शंकर गुरवांना लोणावळ्यात सगळे फोटोतात्या म्हणत. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. माझा त्यांच्यावरचा राग पुरता गेलेला नाही, तेही आधीच सांगून टाकतो. व्यवहारात स्पष्टपणा असलेला बरा.

तात्या उंच, काटकुळे. बारा महिने अंगात काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. एका खिशात सुपारी, दुसऱ्यात काच पुसायचा मऊ ब्रश. सायकल होती, पण तिच्यावर बसलेले ते कुणाला दिसत नसत. कॅरिअरवर मेणकापडात गुंडाळलेली कॅमेऱ्याची लाकडी पेटी ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेली असायची, आणि ते सायकल हातात धरून चालायचे. चढावर ठीक आहे, पण उतारावरसुद्धा! कुणी विचारलं तर म्हणायचे, "आत काच आहे. ती बसलीय ना सायकलवर, मग मी कशाला?" पाऊस आला की छत्री पेटीवर आणि स्वतः भिजत.

त्यांचे वडील रेल्वेत होते, खंडाळ्याला. तात्यांचं बालपण रेल्वेच्या चाळीत गेलं आणि त्यातून त्यांना एक खोड लागली. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याला बटण नव्हतं. भिंगावरचं टोपण काढायचं, उजेडाच्या मानाने थांबायचं आणि टोपण परत लावायचं. बाकीचे फोटोवाले एक दोन तीन मोजतात. तात्या स्टेशनं मोजायचे. "लोणावळाऽ… मळवलीऽ… कामशेतऽ…" पॅसेंजरच्या चालीने, घाई नाही. लख्ख ऊन असेल तर मळवलीला टोपण. ढगाळ असेल तर वडगाव. घरातला फोटो असेल तर देहूरोड. एकदा एका देवळाच्या गाभाऱ्यातला फोटो काढताना ते थेट पुण्यापर्यंत गेले होते आणि पुजाऱ्याला वाटलं, तात्यांच्या अंगात आलं.

खंडाळ्याच्या पॉइंटवर उभं राहून मुंबईच्या पाहुण्यांचे फोटो काढणं हा त्यांचा पोटाचा धंदा. तिथेच मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. एक शेटजी बायकोला घेऊन आले होते आणि भाव पाडत होते. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो, कारण चांगली घासाघीस ऐकायला मला आवडतं. शेटजींनी निम्म्यावर आणलं आणि तात्या "बरं" म्हणाले. मला त्यांची कीव आली. दुसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या त्यांच्या स्टुडिओवरून जात होतो तर आतून शेटजींची आरडाओरड ऐकू आली. फोटोत दरी होती, दरीतलं धुकं होतं, बाई होत्या, आणि शेटजी मधोमध कापलेले होते. एक डोळा, एक कान, एक मिशी.

"हे काय आहे?"

"अर्ध्या भावात अर्धे आलात," तात्या सुपारी कातरत म्हणाले.

"मग ही कशी पूर्ण आली?"

"बाईंनी घासाघीस केली नव्हती."

त्याच क्षणी मी ठरवलं, ह्या माणसाशी आपला व्यवहार व्हायला पाहिजे.

आता माझा व्यवहार काय ते सांगतो. मी लाकडाच्या वखारीत हमाली करत वर आलो. बापाने मला एक गोष्ट दिली, ती म्हणजे आवाज. मुंबई-पुण्याचा रस्ता पूर्वी मावळातल्या गावागावांतून, पारांना वळसे घालत जायचा. गाड्यांचे मुक्काम पडायचे, म्हणून त्या रस्त्याने पेठा वसल्या. लोहार, वाणी, खानावळी, धर्मशाळा. मग बैलगाड्यांच्या जागी ट्रक आले आणि रस्ता रुंद करणाऱ्यांनी वळणं सरळ केली. सरळ करताना जी गावं आडवी आली नाहीत ती वाचली, असं लोकांना वाटलं. प्रत्यक्षात तीच बसली. नवा रस्ता शेतापलीकडून निघून गेला आणि जुना रस्ता गावात तसाच पडून राहिला, सासरी न नेलेल्या मुलीसारखा. दुकानं बंद झाली. माणसं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांकडे गेली. मागे राहिली ती सागवानी दारं, खांब, तुळया.

ती मी विकत घेत होतो. तुंगार्लीला आणि खंडाळ्याला बंगले उठत होते, बंगलेवाल्यांना जुन्या दारांची हौस होती. लोक मला गिधाड म्हणायचे. मी म्हणायचो, मी नाही घेतलं तर वाळवी घेईल, आणि वाळवी भाव देत नाही.

पण दार उचलून बंगल्याबंगल्याला दाखवत फिरता येत नाही. म्हणून फोटो हवे होते. मी तात्यांकडे गेलो आणि माझ्या पद्धतीने भाव सुरू केला. माझी पद्धत म्हणजे उठून चालू लागायचं. समोरचा हाक मारतोच. तात्यांनी हाक मारली नाही. मी कोपऱ्यावर थांबलो, परत आलो. पुन्हा उठलो, पुन्हा परत आलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा ते म्हणाले, "येताना दोन चहा सांगून या."

अखेर भाव त्यांचाच ठरला. वर अट त्यांनी घातली. "बंद दाराचा फोटो मी काढत नाही. दार उघडायचं, मग काढीन."

"पण त्या घरांत कुणी राहत नाही!"

"किल्ली तर असेल तुमच्याकडे."

मी कारण विचारलं. तात्या एरवी मोठं बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले. तरुणपणी त्यांना खेड्यांतून एकाच कामाला बोलवणं यायचं. घरातलं कुणी म्हातारं गेलं की लोकांना आठवण व्हायची, अरे, ह्यांचा एक फोटो नाही. मग मयताला आंघोळ घालून, पागोटं बांधून खुर्चीवर टेकवून बसवायचे आणि तात्यांना आणायचे. "फोटो फार छान यायचे हो," तात्या म्हणाले. "कुणी हलायचं नाही, कुणी शिंकायचं नाही. एके दिवशी नाणे मावळात एका आजोबांचा फोटो काढला आणि घरी येताना मनात आलं, आपण आयुष्यभर सगळ्यांना एकच गोष्ट सांगतो, हलू नका. आणि ज्याला ते सांगावं लागत नाही त्याचाच फोटो सगळ्यांत चांगला येतो. हा काय धंदा झाला? त्या दिवसापासून मयत बंद. आणि बंद दार म्हणजे घराचं मयतच."

मला त्यात काही तोट्याचं दिसलं नाही. उघडून तर उघडून. आणि खरं सांगतो, उघड्या दाराचे फोटो बघून बंगलेवाल्यांनी जास्त भाव दिला. बंद दार म्हणजे फळ्या. उघड्या दारातून आत काहीतरी आहे असं वाटतं. वर्षभर धंदा असा चालला, की तात्यांना दिलेला भाव मला बोचेनासा झाला.

मग वडपेठ आली.

वडपेठेचं दार त्या सबंध रस्त्यावर एकच होतं. गाडीवानांच्या काळची खानावळ, बैलगाडी आत जाईल एवढं रुंद दार, चौकटीवर कमळं. सरूबाईचा नवरा गेला होता, मुलगा पिंपरीला कारखान्यात होता आणि तिला तिकडे बोलवत होता. खानावळ वर्षभर बंद होती. मी सात खेपा घालून तिच्याकडून दार, खांब, तुळया, सगळ्याचा शब्द घेतला. पानसुपारी झाली. तुंगार्लीच्या एका शेटनी तर बंगल्याच्या पुढच्या भिंतीत त्या दाराच्या मापाचं भगदाड ठेवून बाकीचं बांधकाम उरकलं होतं. त्यांची एक हौस होती. दार मूळ जागी असतानाचा फोटो दिवाणखान्यात लावायचा, पाहुण्यांना दाखवायला. म्हणून दार उतरवायच्या दिवशी मीच तात्यांना वडपेठेला बोलावलं. मीच. हे वाक्य मी आजही स्वतःला ऐकवतो.

भाद्रपदातला दिवस, आभाळ भरलेलं. मी लॉरी घेऊन, धोंडू सुतार आणि त्याची माणसं घेऊन पोचलो. तात्या माझ्या आधी पोचले होते. कौलांतून धूर येत होता.

"तात्या, धूर कसला?"

"चूल पेटवायला सांगितली."

"कशाला? आज घर उतरवायचंय, वास्तुशांत नाही!"

"खानावळीचा फोटो हवा ना? नुसतं दार उघडलं तर चोरी झालेलं घर दिसतं."

तेवढ्यात सरूबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिने लुगडं बदललं होतं, ओटा सारवला होता. म्हणाली, "तात्या म्हनले, रिकामी भांडी फोटूत वळकू येत्यात. म्हनून पिठलं टाकलंय. भाकऱ्या बी थापतीया."

"सरूबाई, फोटोला वास येत नाही!" मी ओरडलो.

"येतो," काळ्या कापडाखालून तात्या म्हणाले. "चेहऱ्यावर येतो."

उजेड बरा व्हायची वाट बघणं चालू झालं. आणि तेवढ्यात नव्या रस्त्यावरून एक ट्रक वळून जुन्या रस्त्याने खडखडत आला. त्याच्या इंजिनातून वाफा निघत होत्या. वडाखालच्या आडावर पाणी मिळेल म्हणून आला होता. पाणी भरता भरता पंजाबी ड्रायव्हरने नाक वर केलं, उघडं दार बघितलं, धूर बघितला आणि हाक दिली, "माताजी, खाना मिलेगा?"

सरूबाईने माझ्याकडे बघितलं. मग तात्यांच्याकडे.

"मला काय विचारता," तात्या म्हणाले, "मी फोटोवाला."

तिने हातातलं पीठ झटकलं. "मिलेंगा," ती म्हणाली. "पाय धुवून घ्या. बसा."

वर्षभरात तिने कुणा गिऱ्हाइकाला 'बसा' म्हटलं नव्हतं. तिचा आवाज बदलला, चाल बदलली. पितळ्या आल्या, तांब्या आला. ड्रायव्हर आणि क्लीनर बसले. धोंडू आणि त्याची माणसं पहाटे निघालेली, उपाशी. ती पिठल्याकडे बघायला लागली.

"आरं धोंडू, तू बी बस की," सरूबाई म्हणाली. "लाकडं काय पळून जात्यात व्हय?"

"खबरदार!" मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही. सगळे ओट्यावर बसले.

"शेट, तुम्हीपण बसा," तात्या म्हणाले. "बसलात तर चौकटीत मधोमध याल."

"मी धंद्याला आलोय. जेवायला नाही!"

मी वडाच्या पारंबीजवळ येरझारा घालू लागलो. तात्यांनी मान हलवली आणि टोपण काढलं. "लोणावळाऽ… मळवलीऽ… कामशेतऽ…" सरूबाई दारात उभी, श्वास धरून. सगळे घास तोंडात धरून थांबलेले. "कान्हेऽ…" आणि मला दिसलं की धोंडूचा हात, बाकी अंग न हलवता, दुसऱ्या भाकरीकडे सरकतोय. म्हणजे हा तासभर उठणार नव्हता! मी ओरडत धावलो. मी वडापासून ओट्यापर्यंत येईतो तात्या शांतपणे म्हणाले, "वडगाव," आणि टोपण लावलं.

जेवणं झाली. ड्रायव्हरने पैसे दिले, सरूबाईच्या पाया पडला आणि म्हणाला, परत येताना थांबेन. मी सुतारांना म्हणालो, "चला, पहारी उचला."

धोंडूने हात धुतले, उपरण्याला पुसले आणि तो जागचा हलला नाही.

"काय झालं रे?"

"शेट, जेवलो न्हवं हितं."

"मग?"

"जिच्या हातचं खाल्लं तिच्याच उंबऱ्याला पहार लावायची व्हय? तोंडातलं मीठ बी गेलं न्हाई अजून."

मावळात हे आहे, मला ठाऊक होतं. ज्या घरी जेवलास त्या घराचा उंबरा त्या दिवशी मोडायचा नाही. म्हणून तर मी माझ्या माणसांना कामाच्या घरी पाणीसुद्धा पिऊ देत नसे. "ठीक आहे," मी म्हणालो. "मग उद्या लावा पहार!"

"उद्या लावू की," धोंडू म्हणाला.

"उद्या बी जेवाय हितंच या," सरूबाई म्हणाली.

सगळे हसले. तात्या कापडाची घडी घालत होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती, पण खांदे हलत होते. मला दिसलं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग मी खोपोलीहून दुसरे सुतार आणले. ती बाई एव्हाना हुशार झाली होती. लॉरी वळणावर दिसताच तिने ओट्यावर कपबशा मांडल्या. चहात साखर असते, मीठ नसतं, हा माझा मुद्दा कुणी ऐकूनच घेतला नाही. शेवटी मी तिला सरळ विचारलं, "सरूबाई, शब्द दिला होता ना?"

"दिलता की. पर त्यो बंद खानावळीचा दिलता, शेट. ही चालू हाय."

माझा आयुष्यभराचा अनुभव सांगतो, असलं उत्तर माणसाला चुलीपुढे सुचत नाही. ते तात्यांनीच पढवलं. तात्यांनी मला देवाची शपथ घेऊन सांगितलं की ते त्यांचं नाही. मला अजून पटलेलं नाही.

तुंगार्लीच्या शेटनी भिंतीतलं भगदाड विटांनी लहान करून नवं दार बसवलं आणि पुन्हा माझ्या वखारीचं तोंड पाहिलं नाही. वर तात्यांनी तो फोटो स्टुडिओच्या काचेत लावला. खाली स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी: "वडपेठ. जेवण मिळते. जुन्या रस्त्याने यावे." स्टेशनात उतरणारा प्रत्येक जण तो फोटो बघायचा, आणि प्रत्येक जण डागाबद्दल विचारायचा.

त्यांना वेडच लागलं मग. रविवार आला की पॉइंटवरचा धंदा सोडून ते सायकल हातात धरून जुन्या रस्त्याने निघायचे. एकेका पेठेत जाऊन म्हणायचे, फोटो काढतो, फुकट. पण दुकान उघडून बसा. खोटं नाही, खरं बसा. वाण्याने तराजू टांगायचा, पारड्यात काहीतरी हवं. लोहाराने भट्टी पेटवायची. लोक पुढच्या रविवारची वाट बघून झाडलोट करायला लागले. सगळीकडे चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. कितीतरी ठिकाणी फोटो झाल्यावर कुलूप परत लागलं आणि त्यांतली काही दारं नंतर माझ्याच वखारीत आली. पण वडपेठेत खानावळीला येणारे ट्रक पाहून लोहाराने भट्टी पेटती ठेवली. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं काम त्याला मिळायला लागलं. त्याच्यामागे पंक्चरवाला आला, चहावाला आला. सरूबाईचा मुलगा पिंपरीहून सुट्टीला आला आणि वाढायला उभा राहिला, तो परत गेला नाही. मीसुद्धा वखारीत बसून माशा मारत नव्हतो. एका वाण्याला त्याचंच दार मी परत विकलं, आणि भाव पुरा लावला. धंदा म्हणजे धंदा.

पण तो डाग! मी तात्यांना किती वेळा सांगितलं, माझा एक नीट फोटो काढा आणि तो काचेतून उतरवा.

"हलणाऱ्या माणसाचा फोटो येत नाही शेट. तुम्ही वडगावपर्यंत स्थिर राहा, मी काढतो."

एकदा खुर्चीवर बसलो, टोपी घालून, घट्ट. लोणावळा, मळवली झालं आणि स्टुडिओच्या दारावरून एक जण हातगाडीवर फळ्या घेऊन गेला. असल्या भिकार फळ्या, आणि त्याने काय दिले असतील! मी विचारलं. म्हणजे ओरडून विचारलं. त्या फोटोत मला दोन तोंडं आली. तात्यांनी तो मला प्रेमाने भेट दिला. "हा राग," एकावर बोट ठेवून म्हणाले, "आणि हा रागाच्या आधीचा भाव. दुर्मीळ आहे, जपून ठेवा." मी चिडून निघालो तर मागून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. हललात म्हणजे जिवंत आहात."

अशी वर्षं गेली. माझे केस पांढरे झाले, तात्या आणखी वाळले. सायकल ते धरत होते की सायकल त्यांना धरत होती, सांगता आलं नसतं. आणि मग एका उन्हाळ्यात सरूबाईचा निरोप आला. दाराची चौकट एका बाजूने खचली होती, दार लागतही नव्हतं आणि उघडतही नव्हतं. "दुसऱ्या कुनाचा हात त्याला लावू देनार न्हाई. शेटला म्हनावं, लय जीव व्हता न्हवं तुमचा दारावर, आता तुमीच बसवा."

मी म्हणालो, माझा दर कमी होणार नाही. आणि रविवारी धोंडूला घेऊन गेलो.

ते दार मी पहिल्यांदा हातांनी उतरवलं त्या दिवशी. वडाखाली आडवं ठेवलं. मागची बाजू हात फिरवून बघितली. तसं लाकूड आता मिळत नाही. जेवायला सरूबाईने आधीच बोलावलं. मोडायचं नव्हतं, बसवायचं होतं, म्हणून धोंडूची हरकत नव्हती. मीही बसलो. पिठलं तिखट होतं. त्याबद्दल मला आणखी काही लिहायचं नाही.

दुपारी चौकट उभी केली. दार आत बसवलं, उघडं. वरचा आडवा भाग खाली येत होता, पाचर तासायची होती, तोवर कुणीतरी खांदा द्यायला हवा होता. बाकी सगळे गुंतलेले. मी उंबरठ्यावर उभा राहून खांदा लावला.

"हलू नगा शेट," धोंडू म्हणाला. "न्हाईतर समदं डोक्यावर यील."

आणि समोर, वडाखाली, मला तिपाई उभी राहताना दिसली. काळा कोट. काळं कापड.

"तात्या! आत्ता नाही!"

"आत्ताच. पुन्हा असे सापडायचे नाहीत तुम्ही."

"मी उतरलो की तुमची ती पेटी…"

"चेहरा, शेट."

टोपण काढताना दोनदा निसटलं. मग त्यांनी सुरू केलं, पॅसेंजरच्या चालीने. लोणावळा. मळवली. कामशेत. माझ्या नाकावर माशी बसली. कान्हे. लोहार आपलं काम सोडून बघायला आला. वडगाव. मला वाटलं, सुटलो. "तळेगावऽ…" तात्या म्हणाले. "देहूरोडऽ… चिंचवडऽ…" ड्रायव्हर लोक ओट्यावर उभे राहिले. कुणी हसत नव्हतं, सगळे हसू दाबून होते. खडकी. पुणे.

"पुनं आलं तात्या!" सरूबाई म्हणाली.

"गाडी पुढे जाते," तात्या म्हणाले. "घोरपडीऽ… हडपसरऽ… लोणीऽ…"

टोपण त्यांनी केव्हाच लावलं असणार. ऊन लख्ख होतं, मळवलीचं काम होतं. पण मला कळत होतं तरी मी हललो नाही. हलता येत नव्हतं, हे एक. आणि दुसरं असं, की त्या माणसाला एवढ्या आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

धोंडूची पाचर अजून तासून होत होती. तात्यांनी फोटो उमटलेली काच काढून कोटाच्या आत, छातीशी ठेवली. मग पेटी उचलायला वाकले आणि तसेच थांबले. सरूबाईला म्हणाले, "आज गुडघे ऐकत नाहीत. पेटी राहू दे इथेच. पुढच्या रविवारी नेईन." तिने ती उचलून आत, देवाच्या कोनाड्याखाली ठेवली. अजून तिथेच आहे.

फोटो मला चार दिवसांनी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सताड उघडं दार आणि उंबरठ्यात मी, खांद्यावर चौकट, मिशीचा केस न् केस वेगळा. रागावलेला दिसत नाही, याचंच मला नवल वाटलं. पैसे द्यायला आणि भांडायला जायचं ठरवत होतो, तोवर निरोप आला. तात्या झोपेतच गेले. त्यांच्या घरच्यांनी सगळी कपाटं शोधली. सबंध मावळाचे फोटो होते, तात्यांचा एकही नव्हता.

पण मला दिसले ते शेवटचे असे. मी दारात अडकलेला, खांद्यावर ओझं, मान वळवता येत नाही, म्हणून नजर समोर. चौकटीतून जुना रस्ता दिसत होता, थेट वळणापर्यंत. तात्यांनी सायकल घेतली. कॅरिअर मोकळं होतं. त्यांनी एकदा मागे बघितलं, म्हणाले, "शेट, आता हललात तरी चालेल," आणि टांग टाकून सायकलवर बसले. कोटाची टोकं उडायला लागली. पेठेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी घंटी वाजवत निघाले, लोहाराच्या पुढून, चहावाल्याच्या पुढून. मला त्यांना बरंच सुनवायचं होतं, डागाबद्दल, दाराबद्दल, त्या बंद खानावळीच्या उत्तराबद्दल, पण त्यांनी वळण गाठलं होतं. तिथे समोरून एक ट्रक आला, जेवायला वळलेला. त्याच्या धुळीत काळा कोट पांढुरका झाला, कडा पुसल्या, आणि मला नुसता एक डाग दिसत राहिला, जोरात हलणारा.